नवा कन्सोल आला, जुन्या गेम्सचं काय करायचं?

नवा कन्सोल घेतला की जुना विकून टाकायचा मोह होतोच. चार पैसे सुटतात आणि टीव्हीखालची जागाही मोकळी होते. तरी निदान काही महिने तो विकू नका, कारण जुना गेम म्हणजे नुसती डिस्क नसते. डिस्क, तिच्यावर नंतर आलेले पॅच (म्हणजे इंटरनेटवरून येणारी दुरुस्ती), तुमचा सेव्ह (म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद), खात्यावरचं लायसन्स आणि काही गेम्सच्या बाबतीत कंपनीचा सर्व्हर, एवढं सगळं जागेवर असेल तेव्हा तो गेम चालतो. डिस्क आणि कन्सोल तुमच्या कपाटात आहेत, त्यांना घाई नाही. बाकीचं दुसऱ्याच्या हातात आहे आणि ते कधी बंद करायचं हे तुम्हाला विचारून ठरत नाही. म्हणून जे दुसऱ्याच्या मर्जीवर आहे ते आधी आवरायचं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पहिलं काम: यादी आणि डाउनलोड

जुना कन्सोल चालू करा, वही घ्या आणि प्रत्येक गेमपुढे चार गोष्टी लिहा: डिस्कवर आहे की डाउनलोड केलेला, सेव्ह कुठे आहे, इंटरनेटशिवाय चालतो का, आणि त्याला खास काही लागतं का (कॅमेरा, मायक्रोफोन, गिटार, स्टिअरिंग व्हील). काम कंटाळवाणं आहे, पण पुढचे सगळे निर्णय या यादीवरूनच घ्यायचे आहेत.

डाउनलोड केलेल्या गेम्सपासून सुरुवात करा. ऑनलाइन दुकानं बंद होतात. निन्टेन्डोच्या वी कन्सोलचं दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं, त्यांच्याच थ्रीडीएस आणि वी यू यांची दुकानं २७ मार्च २०२३ ला, तर मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ (पीएस३) आणि हातात धरायची पीएसपी व व्हिटा या तिन्हींची दुकानं बंद करायचं जाहीर केलं होतं. खेळणाऱ्यांनी ओरड केल्यावर पीएस३ आणि व्हिटा यांची वाचली. दुकान बंद झाल्यावरही आधी विकत घेतलेले गेम्स पुन्हा उतरवून घेण्याची सोय सहसा काही काळ चालू असते, पण ती कायमची आहे असं कुणीही लिहून दिलेलं नाही. शिवाय दुकान चालू असतानाही एखादा गेम तिथून काढून टाकला जातो. 'पी. टी.' हा भयगेम २०१४ मध्ये फुकट आला आणि २०१५ मध्ये दुकानातून गेला. ज्यांनी कन्सोलवरून तो पुसला, त्यांना तो नंतर रीतसर परत मिळाला नाही.

तेव्हा आपल्या खात्यावर आहे ते सगळं आत्ताच उतरवून ठेवा. जागा कमी पडली तर मोठी हार्ड डिस्क टाका किंवा बाहेरची जोडा. नंतर आलेले जादा भाग, म्हणजे डीएलसी, वेगळे उतरवावे लागतात. ते हमखास विसरले जातात.

डिस्कवाल्या गेम्सनाही यातून सुटका नाही. पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० च्या काळापासून गेम अर्धाकच्चा डिस्कवर छापायचा आणि उरलेली दुरुस्ती पॅचमधून पाठवायची, अशी सवय कंपन्यांना लागली. डिस्क तुमची असली तरी तो गेम शेवटपर्यंत नीट जाण्याजोगा करणारा पॅच सर्व्हरवर असतो. म्हणून एकेक डिस्क घाला, अपडेट पूर्ण होऊ द्या, एकदा मुख्य मेनूपर्यंत जाऊन बघा आणि यादीत खूण करा. पीएस४ कडे असाल तर कन्सोलचं स्वतःचं सॉफ्टवेअरही ९.०० किंवा त्यापुढचं करून घ्या. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये एक भलतीच गोम होती. आतली घड्याळाची बॅटरी संपली आणि सोनीच्या सर्व्हरशी संपर्कही नसेल, तर डिस्कवरचे गेम्ससुद्धा सुरू व्हायला नकार द्यायचे. सप्टेंबर २०२१ च्या या अपडेटने ते दुरुस्त झालं.

दुसरं काम: सेव्ह हलवणं

गेम पुन्हा विकत मिळेल, पण तुमचे शंभर तास मिळणार नाहीत. त्यामुळे ही पायरी घाईत उरकू नका.

पीएस४ वरून पीएस५ वर जायचं असेल तर तीन वाटा आहेत: दोन्ही कन्सोल एकाच नेटवर्कवर ठेवून थेट डेटा ट्रान्सफर, यूएसबी ड्राइव्हवर कॉपी, किंवा पीएस प्लस (सोनीचं वर्गणीचं सदस्यत्व) असेल तर क्लाउड. मी यूएसबीची प्रत काहीही झालं तरी करायला सांगेन. क्लाउड सोयीचं आहे, पण ते सदस्यत्वाला बांधलेलं आहे. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना चकवते. एखाद्या गेमची पीएस४ आवृत्ती आणि पीएस५ आवृत्ती हे कन्सोलच्या लेखी दोन वेगळे गेम असतात. पीएस५ वर तुम्ही पीएस४ ची आवृत्ती चालवलीत तर जुना सेव्ह जसाच्या तसा उघडतो. मोफत अपग्रेड घेऊन नवी आवृत्ती चालवलीत, तर तो सेव्ह आणायची सोय गेम बनवणाऱ्यांनी दिलेली असावी लागते. काही गेम्समध्ये त्यासाठी आधी जुन्या आवृत्तीत शिरून मेनूतून सेव्ह अपलोड करावा लागतो, काहींमध्ये सोयच नसते. गोष्ट अर्ध्यावर असेल तर आधी हे तपासा, मग अपग्रेडचं बटण दाबा.

निन्टेन्डोच्या स्विचची तऱ्हा आणखी वेगळी. सेव्ह ना गेम कार्डवर असतो, ना मायक्रोएसडी कार्डवर. तो कन्सोलच्या आतल्या मेमरीत असतो. कार्ड काढून नव्या यंत्रात घातलं म्हणजे सेव्ह आला, असं समजून जुना स्विच रिसेट केलात तर सगळं गेलं. क्लाउडची सोय सदस्यत्वासोबत मिळते, पण काही गेम्सना ती लागू नाही. म्हणून कन्सोल ते कन्सोल ट्रान्सफर करा. त्यात सेव्हची प्रत होत नाही, तो जुन्यावरून उठून नव्यावर जातो. त्यामुळे ट्रान्सफर चालू असताना चार्जर लावलेला हवा आणि मध्येच कुठलंही यंत्र बंद करायचं नाही.

कार्ट्रिजच्या जमान्यात, म्हणजे लहानपणी ज्यांना आपण कॅसेट म्हणायचो त्यांच्यात, सेव्ह जपायला बहुधा आत एक बटणासारखी बॅटरी असे. ती संपली की सेव्ह पुसला जातो, आणि बॅटरी बदलायला काढली तरीही पुसला जातो. पोकेमॉनच्या गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टल या आवृत्त्यांमध्ये तीच बॅटरी घड्याळही चालवते, त्यामुळे ती आणखी लवकर बसते. सेव्ह प्रिय असेल तर कार्ट्रिज वाचून त्यातला डेटा संगणकावर घेणारी छोटी यंत्रं मिळतात. आधी त्यावर प्रत घ्या, मग बॅटरी बदला, मग सेव्ह परत चढवा. बॅटरीला डाग दिलेला (सोल्डर केलेला) असतो, तिथे चिकटपट्टीने काम भागवू नका.

तिसरं काम: नवं यंत्र नेमकं काय चालवतं

जाहिरातीत 'जुने गेम्स चालतात' असं लिहिलेलं असतं. ते कशाच्या जोरावर चालतात हे कळलं, की काय अडणार याचा अंदाज येतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जुनं हार्डवेअर नव्यात बसवणं. प्लेस्टेशन २ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर एरवी इनपुट-आउटपुटची कामं करायचा आणि जुनी डिस्क घातली की गेम चालवायचा. २००६ च्या सुरुवातीच्या पीएस३ मध्येही पीएस२ च्या चिप होत्या. खर्च कमी करताना आधी त्यातली एक गेली, मग दुसरी, आणि नंतरच्या पीएस३ वर पीएस२ च्या डिस्क चालेनाशा झाल्या. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क मात्र प्रत्येक पीएस३ चालवतो.

दुसरा उपाय म्हणजे सॉफ्टवेअरने नक्कल. यात गेमगणिक चाचणी लागते, म्हणून यादी बनते. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१५ पासून एक्सबॉक्स वनवर ३६० चे गेम्स आणले, पुढे मूळ एक्सबॉक्सचेही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ७६ गेम्सची शेवटची भर पडली आणि यादी बंद झाली. त्या यादीत तुमचा गेम नसेल तर आता येईल याची वाट बघू नका. असेल, तर डिस्क ही फक्त किल्ली आहे: ती घातली की गेम इंटरनेटवरून उतरतो. नव्या पिढीच्या एक्सबॉक्स सिरीज एस ला डिस्कची फटच नाही, म्हणून तिथे किल्लीही चालणार नाही. आणि सिरीजच्या यंत्रांना किनेक्ट (शरीराची हालचाल टिपणारा कॅमेरा) जोडता येत नाही, त्यामुळे किनेक्टवर नाचलेले सगळे गेम्स जुन्या यंत्रापाशीच राहतात.

तिसरा प्रकार म्हणजे दोन्ही पिढ्या एकाच घराण्यातल्या असणं. पीएस३ मधला सेल प्रोसेसर इतका वेगळ्या वळणाचा होता की पीएस४ ला त्याचा एकही गेम डिस्कवरून चालवता आला नाही. पीएस४ आणि पीएस५ मात्र एकाच जातकुळीच्या प्रोसेसरवर आहेत, म्हणून पीएस४ चे जवळपास सगळे गेम्स पीएस५ वर चालतात. पीएस१, पीएस२ आणि पीएस३ च्या डिस्क पीएस५ घेत नाही. स्विच २ वर जुन्या स्विचचे बहुतेक गेम्स, कार्डासकट, चालतात. पण नव्या जॉय-कॉनमध्ये (स्विचच्या सुट्या कंट्रोलरमध्ये) इन्फ्रारेड कॅमेरा नाही आणि त्यांचा आकारही बदलला आहे. 'रिंग फिट ॲडव्हेंचर' खेळायचा तर जुने जॉय-कॉन जपून ठेवावे लागतील. स्विच २ ला ते वायरलेस जोडता येतात.

नवा कन्सोल निवडताना आणखी दोन गोष्टी पाहा. एक, डिस्क ड्राइव्ह. पीएस५ ची डिजिटल आवृत्ती स्वस्त दिसते, पण कपाटातल्या पीएस४ च्या डिस्क तिच्यासाठी नुसत्या चकत्या आहेत. २०२३ च्या सडपातळ मॉडेलला ड्राइव्ह नंतर लावता येतो. २०२४ च्या प्रोलाही लावता येतो, मात्र तो वेगळा घ्यावा लागतो. लावल्यावर एकदा इंटरनेटवरून जोडणीही करावी लागते. दोन, साठवण. पीएस४ चे गेम्स पीएस५ ला जोडलेल्या यूएसबी ड्राइव्हवरून थेट चालतात. पीएस५ चे गेम्स तिथे ठेवता येतात, चालवता येत नाहीत. सिरीज एक्स आणि एसवरही असंच आहे. म्हणून जुने गेम्स बाहेरच्या ड्राइव्हवर टाका आणि आतली महागडी एसएसडी नव्यांसाठी ठेवा. पीएस४ चा कंट्रोलर पीएस५ वर फक्त पीएस४ च्या गेम्ससाठी चालतो. एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर सिरीजवर सगळीकडे चालतात. इथे मायक्रोसॉफ्टने दिलदारी दाखवली.

जुनं यंत्र बिघडलं आणि दुसरं घ्यायचंच असेल, तर एकात दोन पिढ्या खेळवणारं शोधा. गेमक्यूबसाठी वी चं सुरुवातीचं मॉडेल, ज्याच्या बाजूला जुन्या कंट्रोलरची चार भोकं आहेत. गेम बॉयपासून ॲडव्हान्सपर्यंत सगळ्याला गेम बॉय ॲडव्हान्स एसपी. ॲडव्हान्स आणि डीएस दोन्हींसाठी डीएस लाइट. पुढच्या डीएसआयमध्ये ॲडव्हान्सची खाच काढून टाकली होती.

चौथं काम: जुनं यंत्र जगवणं

डिस्क पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. लेझर गोल फिरणाऱ्या ओळीत वाचतो. त्याच दिशेने ओरखडा पडला तर सलग डेटा हातचा जातो, आडवा ओरखडा तो बऱ्याचदा सावरून घेतो. कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची सवय सोडा. तोंडातल्या ओलाव्याने धातूचे पट्टे गंजतात. तेव्हा गेम लागायचा तो फुंकरीने नव्हे, कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यामुळे. कापसाची काडी आणि ९० टक्क्यांवरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पट्टे पुसा, पूर्ण वाळू द्या.

मूळ एक्सबॉक्स असेल तर तो आजच उघडून घ्या. त्याच्या आत घड्याळासाठी एक कपॅसिटर आहे. तो म्हातारा झाला की गळतो आणि मदरबोर्ड खातो. १.६ सोडून बाकी सगळ्या आवृत्त्यांत हा धोका आहे. कपॅसिटर काढून टाकला तरी कन्सोल चालतो, फक्त प्लग काढला की वेळ पुसली जाते. डाग काढायचा हात नसेल तर जाणत्याकडे द्या, कारण पॉवर सप्लाय कन्सोलच्या आतच आहे.

हातात धरायच्या यंत्रांची बॅटरी अर्धी भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंग लगेच थांबवा, बॅटरी टोचू किंवा दाबू नका. परदेशातून आलेलं जुनं यंत्र लावण्याआधी अडॅप्टरवरचं व्होल्टेज वाचा. १०० किंवा १२० व्होल्टचं यंत्र २३० च्या प्लगमध्ये गेलं तर दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

पाचवं काम: टीव्हीशी सोयरीक

पिवळी-पांढरी-लाल पिन आजच्या टीव्हीला लावली की चित्र धुरकट दिसतं आणि उडी उशिरा बसते. दोष गेमचा नाही. पीएस२ च्या आधीचे बहुतेक कन्सोल २४०पी, म्हणजे २४० ओळींचं साधं चित्र पाठवतात. पुष्कळ नवे टीव्ही त्याला ४८०आय समजून दोन अर्ध्या चित्रांची सांधेजोड करायला बसतात, आणि त्यात चित्र बिघडतं, वेळही जातो.

आधी फुकटचे उपाय करा. टीव्हीचा गेम मोड चालू करा, चित्र 'गुळगुळीत' करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा, प्रमाण ४:३ ठेवा. मारिओला आडवा ताणून जाडजूड करण्यात काही मजा नाही. मग केबल बदला: कंपोझिटपेक्षा एस-व्हिडिओ बरी, त्याहून कंपोनंट किंवा आरजीबी. पहिल्या तीनही प्लेस्टेशनचा मागचा एव्ही सॉकेट एकच आहे, त्यामुळे पीएस३ ची कंपोनंट केबल पीएस२ ला लागते. वी कंपोनंटवर ४८०पी पर्यंत जातो. एवढ्यावर समाधान झालं नाही, तरच रेट्रोटिंक किंवा ओएसएससीसारखा स्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीजोगं करणारा डबा) घ्या. २४०पी म्हणजे काय हे त्यांना नीट कळतं. अगदी स्वस्तातले एव्ही-ते-एचडीएमआय डबे मात्र घेऊ नका, बरेचसे चित्र ताणतात आणि उशीरही वाढवतात. बंदुकीचे जुने गेम्स कुठल्याच स्केलरने सुटणार नाहीत. ती बंदूक काचेच्या फुगीर टीव्हीवरचं चित्र ओळीओळीने कसं उजळतं यावर नेम ओळखते.

सर्व्हरवर जगणारे गेम्स

यादीतल्या 'इंटरनेटशिवाय चालतो का' या रकान्यात 'नाही' असेल, तर तो गेम बाकी सगळं बाजूला ठेवून आधी खेळा. 'द क्रू' २०१४ मध्ये डिस्कवर विकला गेला, पण एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि डिस्क निकामी झाली. थ्रीडीएस आणि वी यू यांचं ऑनलाइन खेळणं एप्रिल २०२४ मध्ये थांबलं, पण त्यांचे एकट्याने खेळायचे गेम्स शाबूत आहेत. फरक लक्षात घ्या: पहिल्यात गेमच गेला, दुसऱ्यात फक्त सवंगडी गेले. शेजारी बसून किंवा घरातल्या नेटवर्कवर खेळायची सोय असलेले गेम्स सगळ्यात चिवट असतात.

सदस्यत्व आणि एम्युलेटर

कंपन्या जुने गेम्स सदस्यत्वात देतात. निन्टेन्डोच्या ऑनलाइन सेवेत एनईएसपासून एन६४ पर्यंतचे गेम्स आहेत, स्विच २ वर गेमक्यूबचेही. सोनी पीएस३ चे काही गेम्स प्रवाहाने, म्हणजे दूरच्या यंत्रावर चालवून, दाखवते. चाखून बघायला हे छान आहे. मात्र वर्गणी थांबली की गेम थांबतो, आणि प्रवाहात बटण दाबण्यात नि उडी बसण्यात अंतर पडतं. वेगवान गेमला ते म्हणजे दुधाची तहान ताकावर. पीसीवर आलेला जुना गेम डीआरएमशिवाय (म्हणजे प्रत करण्यावरच्या कुलपाशिवाय) विकत मिळत असेल, जसा जीओजी या ऑनलाइन दुकानात मिळतो, तर मी तो घेईन. इन्स्टॉलरची प्रत आपल्या ड्राइव्हवर राहते.

राहिला एम्युलेटर, म्हणजे संगणकावर जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम. एम्युलेटर हा प्रोग्राम आणि गेमची फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनीने कनेक्टिक्स या एम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीवर केलेल्या खटल्यात २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने एम्युलेटर बनवण्याच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्याने चढवलेला गेम उतरवून घेणं मात्र कॉपीराइटचा भंग आहे. चालू पिढीच्या वाटेला गेलं की काय होतं तेही दिसलं. स्विचचा एम्युलेटर यूझू मार्च २०२४ मध्ये निन्टेन्डोशी २४ लाख डॉलरची तडजोड करून बंद झाला. आपल्या डिस्कची आपण घेतलेली प्रत चालते का, हे देशोदेशी बदलतं. आपल्याकडचा कायदा बघून घ्या.

काम असं करा. पीएस१ च्या सीडी आणि पीएस२ च्या सीडी-डीव्हीडी संगणकाचा साधा ड्राइव्ह वाचतो. पीएस२ ची आयएसओ, म्हणजे एकाच फाइलमधली, प्रत पुरते. पीएस१ ची मात्र बिन-क्यू या फाइलींच्या जोडीत घ्या, नाहीतर ज्या गेम्सचं संगीत ऑडिओ ट्रॅक म्हणून डिस्कवर आहे ते मुके होतात. गेमक्यूब आणि वी च्या डिस्क बहुतेक ड्राइव्ह वाचतच नाहीत. पीएस२ चा एम्युलेटर पीसीएसएक्स२ ला तुमच्या पीएस२ चा बायोस (कन्सोलच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) लागतो, गेमक्यूब आणि वी च्या डॉल्फिनला लागत नाही, आणि पीएस३ च्या आरपीसीएस३ ला लागणारं पीएस३ चं फर्मवेअर सोनीच्या संकेतस्थळावरच मिळतं. सुरुवातीला रिझोल्यूशन मूळचंच ठेवा. गेम तासभर बिनबोभाट चालला की दुप्पट करा, मग तिप्पट. दहा सेटिंग एकदम बदललीत तर कशाने बिघडलं ते सापडणार नाही.

सेव्ह स्टेटची चटक लागते, कारण बटण दाबलं की आहे त्या क्षणी गेम गोठतो. पण एम्युलेटरची नवी आवृत्ती घेतल्यावर जुनी सेव्ह स्टेट बऱ्याचदा उघडत नाही. म्हणून दर बैठकीअखेर गेमच्या आतल्या मेनूतून मेमरी कार्डवर सेव्ह करा, आणि अपडेट करण्याआधी त्या मेमरी कार्डची फाइल दुसरीकडे कॉपी करून ठेवा.